सरकारकडून नियम किंवा कायदा बदलून घ्यायचाय? पहिल्यांदाच निवेदन देणाऱ्यांसाठी

आमच्या गावात नगरपरिषदेची अभ्यासिका आहे, तिला संध्याकाळी सहाला कुलूप लागायचं. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी पोरंपोरी दिवसा कुठेतरी कामाला असतात, त्यांची अभ्यासाची वेळच सहानंतर सुरू होते. ज्यांना परवडतं ते खाजगी अभ्यासिकेत पैसे भरून बसायचे, बाकीचे घरी टीव्हीच्या आवाजात. आम्ही काय केलं तर दोन पानी पत्र लिहिलं, चारेकशे सह्या गोळा केल्या, मोठ्या पुढाऱ्याच्या हातात देतानाचा फोटो काढला, तो स्थानिक पेपरात आला, आणि पुढे आठ महिने काहीच झालं नाही. मग एक ओळीचं उत्तर आलं की आपलं निवेदन उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित करण्यात आलं आहे. दुसऱ्यांदा दिलेलं निवेदन एक पानाचं होतं, सह्या अकरा होत्या, आणि तीन महिन्यांत ठराव झाला. दुसऱ्या वेळी आम्हाला एवढंच जास्त माहीत होतं की सहाची वेळ कुठल्या कागदावर लिहिलीय आणि तो कागद बदलायचा अधिकार कुणाला आहे.

तर ज्यांना पहिल्यांदाच असं काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी वकील नाही, पण गेली काही वर्षं हेच करतोय आणि बऱ्याच जणांना करताना बघतोय.

पायरी १ : तक्रार आहे का बदल हवाय ते आधी ठरवा

बहुतेक निवेदनं इथेच चुकतात. माझं रेशनकार्ड सहा महिने अडकलंय ही तक्रार झाली. रेशनकार्डाच्या नियमात अमुक अट आहे ती काढा, ही धोरण बदलायची मागणी झाली. दोन्हीचे दरवाजे वेगळे आहेत.

तक्रारीसाठी 'आपले सरकार' पोर्टल आहे, केंद्राचं पीजी पोर्टल आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. पण लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात, आणि केंद्राच्या पोर्टलवर काय स्वीकारलं जात नाही त्या यादीत कोर्टातली प्रकरणं, आरटीआयचे म्हणजे माहिती अधिकाराचे विषय यांच्याबरोबर 'सूचना' पण आहेत. म्हणजे तुम्ही तिथे जाऊन "हा नियम बदला" असं लिहिलं तर ते बंद होणार, आणि तुम्हाला वाटणार सरकार ऐकत नाही. ऐकायचा विषय नंतरचा, आपण चुकीच्या खिडकीत उभे होतो.

तुमच्या हातात एकच अडलेलं प्रकरण असेल तर आधी तक्रारच करा, कदाचित तेवढ्यानं काम होईल. पण तीच अडचण दहा जणांना येत असेल आणि प्रत्येक वेळी ऑफिसातला माणूस "साहेब नियमच तसा आहे" म्हणत असेल तर पुढे वाचा.

पायरी २ : तो नियम कुठल्या कागदावर आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, अगदी महिना गेला तरी चालेल.

आपण सरसकट 'कायदा' म्हणतो पण त्यात थर आहेत. सगळ्यात वर अधिनियम, तो विधिमंडळ किंवा संसदच बदलू शकते. त्याखाली नियम आणि अधिसूचना, त्या सरकार त्या अधिनियमानं दिलेल्या अधिकारात काढतं आणि बदलू शकतं. त्याखाली शासन निर्णय म्हणजे जीआर, तो खातं काढतं. त्याखाली परिपत्रक. आणि स्थानिक पातळीवर नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषदेचे ठराव, उपविधी म्हणजे त्यांचे स्थानिक नियम. जितकं खाली जाल तितकं बदलणं सोपं, म्हणून तुमची अडचण ज्या सगळ्यात खालच्या कागदानं सुटू शकते तो कागद पकडा. लोक उगाच "कायदा बदला" मागतात आणि बदलायचा असतो एका परिपत्रकातला एक शब्द.

ताजं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल, २०२५ मधलं पहिलीपासून हिंदीचं. एप्रिलमध्ये जीआर आला, जूनमध्ये सुधारित जीआर आला, राज्यभर विरोध झाला आणि जूनच्या शेवटी सरकारनं दोन्ही जीआर रद्द केले. हे इतक्या लवकर होऊ शकलं त्याला लोकांचा जोर तर होताच, पण तो जीआर होता हेही कारण होतं. जीआर रद्द करायला विधेयक लागत नाही.

जीआर शोधायला महाराष्ट्र शासनाच्या वेबसाइटवर 'शासन निर्णय' असा विभाग आहे, तिथे खातं आणि तारीख टाकून शोधता येतं, प्रत्येक जीआरवर संगणक संकेतांक असतो तो लिहून ठेवा. जीआरच्या सुरुवातीला 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या जीआरची यादी असते, तिचा माग काढत मागे जा, मूळ अट कधी आणि का घातली ते तिथे सापडतं. आणि शेवटी 'प्रत' म्हणून कुणाकुणाला पाठवलाय ती यादी असते, त्यात 'निवडनस्ती' (म्हणजे जपून ठेवायची फाइल) आणि कार्यासनाचं नाव दिसेल. ते कार्यासन म्हणजे तो विषय हाताळणारं टेबल. तुमचं निवेदन शेवटी त्या टेबलावर जाणार आहे, मुख्यमंत्र्यांना दिलंत तरी.

केंद्राचा विषय का राज्याचा हेही बघा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. रेल्वे, टेलिफोन, बँका, पासपोर्ट केंद्राकडे, पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था राज्याकडे, आणि शिक्षणासारखे विषय समवर्ती म्हणजे दोघांकडे. रेल्वे फाटकाच्या नियमासाठी आमदारांकडे आणि दवाखान्याच्या नियमासाठी खासदारांकडे जाणारी माणसं मी पाहिलीत, दोघांनाही पत्र मिळतं, काम कुणाचंच होत नाही.

कागद सापडतच नसेल तर

माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांत, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्जात "का" विचारू नका. "अभ्यासिका सहाला का बंद करता" याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. "अभ्यासिकेची वेळ ठरवणाऱ्या ठरावाची किंवा आदेशाची प्रत द्या" असं मागा. आम्ही असंच मागितलं आणि कित्येक वर्षांपूर्वीचा सर्वसाधारण सभेचा ठराव हातात आला, त्यात वेळेचं कारण दिलं होतं की इमारतीत विजेची सोय अपुरी आहे. वीज त्यानंतर येऊन बरीच वर्षं झाली होती! तो कागद वाचल्यावर आमच्यातल्या एका मुलीच्या डोळ्यात पाणी आलं, कारण तिच्या दोन परीक्षा त्या सहाच्या कुलपात गेल्या होत्या.

अजून एक सोय फार कमी लोकांना माहीत आहे. जिल्ह्यातली आणि खालची सरकारी कार्यालयं, स्थानिक संस्था यांच्यासाठी राज्य सरकारनं २०१८ मध्ये ठरवलंय की सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. कधीकधी अर्ज न करताच काम होऊन जातं. नम्रपणे जा, वही घेऊन जा.

पायरी ३ : पुरावा जमवा, थोडाच पण स्वतःचा

इंटरनेटवरची आकडेवारी ऑफिसात सगळ्यांनी वाचलेली असते. तुमच्या भागातली परिस्थिती त्यांना माहीत नसते, ती द्या. पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेनं १८७६-७७ च्या दुष्काळात हेच केलं होतं, गावोगाव माणसं पाठवून प्रत्यक्ष माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे मांडली. दीडशे वर्षं होत आली तरी याच्यापेक्षा चांगली पद्धत मला सापडलेली नाही.

आम्ही दोन आठवडे रोज संध्याकाळी सहाला अभ्यासिकेच्या दारात उभं राहून बाहेर पडणारे मोजले, वहीत तारीखवार लिहिलं, वॉचमनचा अंदाजे खर्च काढला, आणि शेजारच्या तालुक्यातली अभ्यासिका रात्री दहापर्यंत चालते त्याचा तिथल्या बोर्डासकट फोटो काढला. शेजारी आधीच होतंय हा पुरावा सगळ्यात भारी पडतो, अधिकाऱ्याला नवीन काही करायची भीती असते, दुसऱ्यानं केलेलं करायची नसते.

खर्च जरूर काढा. फाइलवर पहिला प्रश्न येतो की आर्थिक भार किती. तुम्ही नाही काढला तर ते काढणार, आणि फुगवून काढला जातो.

पायरी ४ : निवेदन लिहा

एक पान. दोन पानं झाली तर दुसरं कुणी वाचत नाही असं समजून चाला. भाषा आपली मराठीच ठेवा, त्याबद्दल मनात शंका नको, राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुठल्याही गाऱ्हाण्याबद्दल केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला तिथे वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. दिल्लीला मराठीत लिहिलं तरी ते नाकारता येत नाही. बरोबर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडलंत तर वेळ वाचतो, इतकंच.

साचा असा ठेवा :

प्रति,
मा. मुख्याधिकारी, ____ नगरपरिषद

विषय : सार्वजनिक अभ्यासिकेची वेळ रात्री १० पर्यंत वाढवण्याबाबत.

संदर्भ : सर्वसाधारण सभा ठराव क्र. ____, दि. ____

महोदय,
वरील ठरावानुसार अभ्यासिका सायंकाळी ६ वाजता बंद होते. ठरावात नमूद केलेले कारण (अपुरी वीज) आता राहिलेले नाही. दि. ____ ते दि. ____ या काळात आम्ही केलेली दैनिक नोंद सोबत जोडली आहे.

आमची मागणी : सदर ठरावातील "सायंकाळी ६" या शब्दांऐवजी "रात्री १०" असा बदल करण्याचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. अंदाजित खर्च सोबत आहे.

सोबत : १. ठरावाची प्रत २. नोंदी ३. खर्चाचा तपशील
आपले विश्वासू, (नावं, पत्ते, सह्या)

बघा, यात "विद्यार्थ्यांवर घोर अन्याय होत आहे" असं कुठेच नाहीये. अन्याय झालाच होता, पण ती ओळ वाचून टेबलावरच्या माणसाला काय करायचं ते कळत नाही. या शब्दांऐवजी हे शब्द, हे त्याला कळतं, तो तसंच टिपणीत म्हणजे फाइलवरच्या नोंदीत उतरवतो. जमेल तेवढं त्याचं काम तुम्ही करून द्या.

नेमकं मागायचं म्हणजे काय याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण महात्मा फुल्यांचं आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं तेव्हा "गरिबांना शिकवा" एवढ्यावर ते थांबले नाहीत, प्राथमिक शिक्षण ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा असं वयासकट मागितलं. ते देशभर कायद्यानं यायला २००९ उजाडलं, पण मागणी इतकी स्पष्ट होती की आजही वाचली की त्यांना काय हवं होतं यात शंका राहत नाही.

एका निवेदनात एकच मागणी. पाच मागण्या असल्या की त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची मान्य करून उत्तर येतं आणि फाइल नस्तीबद्ध म्हणजे बंद होते.

पायरी ५ : कुणाला द्यायचं आणि पोच

ज्याला अधिकार आहे त्याच्या नावानं मूळ प्रत, बाकी सगळ्यांना 'माहितीसाठी'. दहा जणांना दहा मूळ प्रती दिल्या तर ते एकमेकांकडे अग्रेषित करत बसतात. नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष (निवडून आलेली बॉडी नसेल तेव्हा प्रशासक), जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्याच्या धोरणासाठी त्या खात्याचे सचिव किंवा प्रधान सचिव आणि मंत्री.

आणि कृपा करून पोच घ्या. बारनिशीत म्हणजे आवक शाखेत जाऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. साहेबांच्या हातात दिलंत, त्यांनी चहा पाजला, "बघतो" म्हणाले, छान वाटलं, तरी उठून बारनिशीत जाच. आवक क्रमांक नसलेलं निवेदन सरकारी दृष्टीनं आलेलंच नसतं, आमचं पहिलं निवेदन बहुतेक असंच कुठेतरी गेलं. लांब असाल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि ट्रॅकिंगचा प्रिंट काढून ठेवा, ईमेल केलात तरी कागद पाठवाच.

मंत्र्यांनी अर्जावर "तपासून सादर करा" असा शेरा मारला म्हणजे मागणी मान्य झाली असं नाही, पण त्याचा अर्थ खात्याला त्यावर टिपणी लिहून परत पाठवावी लागणार. हा शेरा मिळाला तर तारीख टिपून ठेवा.

पायरी ६ : पाठपुरावा

महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यात सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडकून राहू नये असं म्हटलंय. पण नीट वाचा, विधिविषयक प्रकरणं आणि मोठे धोरणात्मक निर्णय त्या मुदतीतून वगळलेत. म्हणून मोठ्या मागणीसाठी त्याचा धाक दाखवू नका, उलट पडतं. छोट्या बदलासाठी स्मरणपत्रात नम्रपणे उल्लेख करायला हरकत नाही.

मी असं करतो. महिन्यानं पहिलं स्मरणपत्र, त्यात आवक क्रमांक आणि तारीख. अजून महिन्यानं दुसरं. मग आरटीआय : "आवक क्रमांक अमुकच्या निवेदनावर केलेल्या कार्यवाहीची आणि टिपणीची प्रत द्या". या तिसऱ्या पायरीला बऱ्याचदा फाइल हलते, कारण टिपणी द्यायची तर आधी लिहायला लागते. आमच्या बाबतीत हेच झालं.

फोनवर आवाज चढवू नका. कारकून आणि कक्ष अधिकारी हीच माणसं तुमची बाजू फाइलवर लिहिणार आहेत. मला खूप चांगली माणसं भेटलीत तिथे, एका बाईंनी तर "भाऊ, असं लिहा म्हणजे लेखा विभाग अडवणार नाही" म्हणून स्वतः वाक्य सांगितलं.

आमदार-खासदारांकडे कधी जायचं

कागद तयार झाल्यावर, आधी नाही. आणि जाताना "साहेब लक्ष घाला" एवढंच न म्हणता त्यांना करता येईल असं एक काम घेऊन जा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, अशासकीय ठराव अशी सभागृहात विषय मांडायची हत्यारं त्यांच्याकडे असतात. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच लिहून द्या. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी द्यावे लागतात, त्यामुळे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात पळापळ करून उपयोग नाही, दिवाळीआधी भेटा. शिक्षणाचा विषय असेल तर विधान परिषदेतले शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघाचे आमदार विसरू नका, लोक त्यांच्याकडे फार कमी जातात.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेलं विधेयक. संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झालीत, शेवटचं १९७० मध्ये. पण म्हणून ते वाया जातं असंही नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं अशासकीय विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेनं मंजूर केलं, ते पुढे गेलं नाही, पण त्यानंतर सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यातल्या तरतुदींवर समाजातून बरीच टीका झाली हेही खरं.

विनंती अर्ज : हा दरवाजा वापरा

विधानसभा, विधान परिषद, लोकसभा, राज्यसभा, चारही ठिकाणी नागरिकांचे अर्ज ऐकणारी समिती असते, महाराष्ट्रात तिला विनंती अर्ज समिती म्हणतात, संसदेतली ती याचिका समिती. हा अर्ज खात्याला न जाता थेट सभागृहाला उद्देशून असतो.

लोकसभेसाठी महत्त्वाचं एवढं लक्षात ठेवा : विषय सार्वजनिक हिताचा हवा, कोर्टात चालू नसावा, राज्याच्या अखत्यारीतला नसावा, कायद्यात दुसरा उपाय उपलब्ध असेल तर घेत नाहीत. भाषा सभ्य हवी, शेवटी नेमकी विनंती हवी, अर्जाला दुसरी कागदपत्रं जोडायची नाहीत म्हणजे सगळं अर्जातच आलं पाहिजे, आणि मराठीत लिहिलंत तर इथे मात्र हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागतंच. खासदार सादर करणार असतील तर त्यांची प्रतिस्वाक्षरी. समिती अर्जदाराला बोलावू शकते, खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते, मग अहवाल देते.

याचा उपयोग होतो का? माजी सैनिकांची 'वन रँक वन पेन्शन'ची म्हणजे सारख्या हुद्द्याला आणि सारख्या सेवेला सारखी पेन्शन ही मागणी बघा. राज्यसभेच्या याचिका समितीपुढे ती अर्जाच्या रूपात गेली, २०११ मध्ये समितीनं बाजूनं अहवाल दिला, तोच कोश्यारी समितीचा अहवाल म्हणून ओळखला जातो (पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष होते). त्यानंतरही माजी सैनिकांना रस्त्यावर बसावं लागलं आणि २०१५ मध्ये सरकारनं योजना जाहीर केली. अहवाल सरकारवर बंधनकारक नव्हता, पण त्यानंतर "ही मागणी अवाजवी आहे" असं म्हणणं सरकारला अवघड झालं.

मसुदा आलाय, हरकती मागवल्यात

ही वेळ सोन्यासारखी असते कारण सरकार स्वतः विचारतंय. केंद्रानं २०१४ मध्ये धोरण केलंय की विधेयकाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, दरवेळी ते पाळलं जात नाही ही वेगळी दुःखाची गोष्ट. शहराच्या विकास आराखड्यावर तर हरकती घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. मुंबईच्या आराखड्याचा मसुदा २०१५ मध्ये आला तेव्हा चुकांवर इतका गदारोळ झाला की राज्य सरकारनं तो नव्यानं करायला लावला.

हरकत लिहिताना कलमवार लिहा. कलम क्रमांक, आत्ताचे शब्द, तुम्ही सुचवलेले शब्द, कारण, पुढचं कलम. मसुद्यात प्रश्न विचारले असतील तर त्याच प्रश्नांची उत्तरं द्या. २०१५ मध्ये ट्रायनं म्हणजे दूरसंचार नियामकानं इंटरनेट सेवांबद्दल २० प्रश्नांचा कागद काढला तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, आणि ते त्या प्रश्नांना धरून होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळा डेटा दर लावायला बंदी घातली. तरी कॉपीपेस्ट मेलमध्ये आपली स्वतःची दोन वाक्यं घालाच, एकसारखे हजार मेल एकच मुद्दा म्हणून बाजूला काढता येतात.

मसुदा मराठीत नसेल तर पहिली हरकत तीच घ्या. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं प्रादेशिक भाषांत भाषांतर करायला सांगितलं आणि हरकतींची मुदत ऑगस्टपर्यंत वाढवली.

गावात असाल तर ग्रामसभा

शहरातल्यांना हेवा वाटावा असं हे साधन आहे. गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. विषय आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या, आयत्या वेळच्या विषयात टाकलात तर घाईत उरकला जातो. ठराव लिहिला जाताना शेजारी बसा आणि शब्द नीट येतायत का बघा.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा आदर्श घ्यावा म्हणून परिपत्रक काढलं. एका गावानं आधी स्वतः केलं आणि मग राज्य मागून आलं, वर मागणी पाठवून वाट बघण्यापेक्षा कधीकधी हा रस्ता जवळचा असतो.

सह्या, ऑनलाइन पिटिशन, मोर्चा

ब्रिटनमध्ये संसदेच्या पिटिशनला दहा हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, लाख झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आपल्याकडे खाजगी वेबसाइटवरच्या सह्यांना असा कुठलाही कायदेशीर आकडा नाही. त्या माणसं जोडायला वापरा, पण त्याची लिंक पाठवली म्हणजे निवेदन दिलं असं नाही. कागदावरच्या सहीपुढे पूर्ण नाव आणि गाव असू द्या. सही घेताना माणसाला विषय समजावून सांगा, आमच्या चारशे सह्यांतल्या कित्येकांना नंतर विचारलं तर कशावर सही केली ते आठवत नव्हतं, आणि हे मला अजून खटकतं.

शिष्टमंडळ घेऊन जायचं असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश बऱ्याचदा लागू असतो. पाच जणांपेक्षा कमीच आत जा, त्यात ज्याला प्रत्यक्ष त्रास होतोय असा एक जण हवाच, आणि बोलणारा एकच.

किती वेळ लागेल याचं उत्तर कुणाकडेच नाही. ठराव तीन महिन्यांत बदलतो. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या चढत राहिले, मसुदा पुन्हा पुन्हा बदलला गेला, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. तो दिवस आठवला की आजही गलबलून येतं. आपल्या मागण्या छोट्या असतात, आपल्याला सुरक्षितपणे ऑफिसात जाता येतं, तेवढ्या आधारावर दोनचार स्मरणपत्रं जास्त लिहायला काहीच हरकत नाही.

मंजूर झाल्यावर

ठरावाची किंवा जीआरची प्रमाणित प्रत घ्या आणि तीन गोष्टी तपासा : शब्द आपण मागितले तेच आहेत का, कुठल्या तारखेपासून लागू आहे, आणि पैसे कुठल्या लेखाशीर्षातून म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यातून येणार. आमच्या ठरावात वेळ रात्री दहा झाली होती पण वॉचमनच्या पगाराची तरतूदच नव्हती, त्यामुळे ठराव होऊनही सहा आठवडे दार सहालाच बंद होत राहिलं. मग ठरावाची प्रत जोडून अर्ध्या पानाचं नवीन निवेदन दिलं, विषय फक्त वॉचमन. ते पुढच्या सभेत मंजूर झालं. ठरावाची झेरॉक्स आता अभ्यासिकेच्या दारामागे चिकटवलीय, म्हणजे नवीन कर्मचारी आला आणि सहाला उठा म्हणाला तर आतल्या पोरांना बोट दाखवायला कागद हाताशी आहे.